टीममध्ये कोणी कोणाला ओळखत नाही

शुक्रवार, १२ सप्टेंबर. माहूज, बहारीन. सकाळ (म्हणजे साडेअकरा)

आजपासून रोज डायरी. पाचला उठणे, व्यायाम, अरबीचे पाच शब्द, मग मुख्य काम. आज उठायला उशीर झाला, म्हणून पाचचं उद्यापासून. डायरी मात्र आजच. सुरुवात महत्त्वाची.

परिस्थिती. व्हिजिट व्हिसा अठरा ऑक्टोबरला संपतो. तोवर इथे नोकरी लागली तर राहायचं, नाहीतर परत लांजा. मथुराआत्या रोज एकदा आठवण करून देते, भाजी वाढता वाढता, म्हणजे मला उठून जाता येत नाही. मी तिच्या हॉलमध्ये सोफ्यावर झोपतो. सोफा तात्पुरता आहे.

महादेवकाका (आत्याचे यजमान, एसीच्या कंपनीत ड्रायव्हर) काल म्हणाले की त्यांच्या राजन सरांच्या स्टोअरमध्ये एक जागा निघतेय, ते माझ्यासाठी शब्द टाकतील. राजन सर पुण्याचे, मॅनेजर. काका आत गेल्यावर आत्या म्हणाली, इतक्या वर्षांत ह्यांनी सरांकडे कधी काही मागितलं नाही. मग ताट उचलताना पुन्हा तेच म्हणाली. मी बरं म्हटलं.

पण स्टोअरमध्ये बसून पाइप मोजण्यासाठी मी बहारीनला आलेलो नाही. मोजायचंच तर पत्ते मोजेन.

रविवार, १४ सप्टेंबर

व्यायाम: नाही (धूळ). अरबी: खलास, यल्ला. हे दोन आधीच येत होते.

मुख्य काम लिहून ठेवतो. गोव्याला बोटीवरच्या कॅसिनोत मी प्लेटा उचलायचो, तेव्हा टेबलाजवळ उभं राहू देत नसत. तरी लांबून कळलं की खरा खेळ ब्लॅकजॅक, म्हणजे आपला एकवीस. एकविसाच्या जवळ जायचं, पुढे गेलात की मेलात. काल यूट्यूबवर याच्या इतिहासाचा मोठा व्हिडिओ मिळाला. साठच्या दशकात अमेरिकेत एका गणिताच्या प्रोफेसराने कॉम्प्युटर लावून सिद्ध केलं की कॅटमध्ये दश्श्या, चित्रं आणि एक्के जास्त उरले असतील तर फायदा खेळणाऱ्याचा. म्हणून येऊन गेलेली पानं मोजायची. लहान पान गेलं की प्लस, मोठं गेलं की मायनस. प्लस वाढला की पैसे वाढवायचे.

पण एकटा माणूस मोजतो आणि एकदम पैसे वाढवतो, हे कॅसिनोवाले ओळखतात आणि हाकलतात. म्हणून सत्तरच्या दशकात कोणीतरी टीम काढली. दोघं-तिघं वेगवेगळ्या टेबलांवर थोडे थोडे पैसे लावत गपचूप मोजतात. ते स्पॉटर. टेबल तापलं, म्हणजे प्लस वाढला, की खूण करतात. मग लांबून एक श्रीमंत, बेफिकीर माणूस डुलत येतो, मोठी रक्कम लावतो, जिंकतो, निघून जातो. तो बिग प्लेअर. त्याला मोजायला लागत नाही. मुख्य नियम एकच: टीममध्ये कोणी कोणाला ओळखत नाही.

पुढे कॉलेजच्या मुलांनी तर गुंतवणूकदार घेऊन कंपनीसारखी टीम चालवली. व्हिडिओ इथपर्यंत पाहिला. बाजूला कबुतरांना परतीचं ट्रेनिंग कसं देतात याचा एक होता, तो बघितला. उरलेला उद्या.

बिग प्लेअर मी. हे मी ठरवलं नाही, ते दिसतंच.

बुधवार, १७ सप्टेंबर

टीमची भरती सुरू. पहिला सदस्य नजीब. खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये असतो (कोल्ड स्टोअर म्हणजे इथलं किराणा दुकान, बर्फाशी संबंध नाही). कालिकतचा. वीस वस्तूंची बेरीज मशीनशिवाय करतो. मी त्याला तासभर योजना सांगितली. मधे तो तीन गिऱ्हाइकं, एक अंड्यांची डिलिव्हरी आणि नमाज उरकून आला. शेवटी म्हणाला, "भाई, टॉफी पे खेलेगा तो मैं हूँ. पैसे पे हराम है."

म्हणजे तत्त्वतः तयार आहे.

बहारीनमध्ये कॅसिनो नाही, जुगाराला कायद्याने बंदी. हे मला माहीत होतं. टीमचं हेडक्वार्टर इथे, कामगिरी जॉर्जियात, तिबिलिसीला. इथून थेट विमान आहे. नजीब म्हणाला, इथलं रेसिडेन्सी कार्ड असलं की जॉर्जियाला व्हिसा लागत नाही, व्हिजिटवाल्याला लागतो. बारीकसारीक गोष्टी नंतर.

सोमवार, २२ सप्टेंबर

आजपासून घटस्थापना. संकल्प: नऊ दिवस नो मोबाइल. (संध्याकाळी: ट्रेनिंगसाठी मोबाइल लागतो, म्हणून संकल्पात बदल. नो रील्स.)

दुसरी सदस्य मिळाली. आत्या.

झालं असं की मी हॉलमध्ये पत्ते मांडून बसलो होतो. आत्या भाजी निवडायला येऊन बसली. माहेरी ती मेंढीकोटात भल्याभल्यांना रडवायची, हे बाबांनी सांगितलं होतं. कोणाकडे कुठली दश्शी दडलीय ते तिला तोंडावरून कळायचं. मी प्लस-मायनस समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ते प्लस-मायनस तुझं तू ठेव, मी 'आलं-गेलं' करते. लहान पान पडलं की आलं, मोठं पडलं की गेलं. मेथीची जुडी संपेपर्यंत तिने अख्खा कॅट बरोबर मोजला.

जॉर्जियाचं तिला सांगितलेलं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला (सुट्टी बघून शुक्रवारी, दहा ऑक्टोबरला) यंदा एकवीसचं टेबल आहे, टॉफ्या लावून. ज्याच्याकडे शेवटी जास्त टॉफ्या त्याला मिक्सर. आत्याचा मिक्सर चटणी वाटताना टेबलावरून चालत जातो. ती लगेच तयार झाली.

आणि ते टेबल सांभाळणार आहेत सुनीता मॅडम. राजन सरांच्या मिसेस. म्हणजे राजन सर तिथे असणार. हे ऐकलं आणि माझं पुढचं सगळं जुळलं.

गुंतवणूकदार सापडला.

रविवार, २८ सप्टेंबर

काकांनी शब्द टाकला. सर गुरुवारी सकाळी दहाला ऑफिसात भेटायला बोलावताहेत. काकांनी मुद्दाम दसरा निवडला. जेवताना एवढंच म्हणाले, शर्ट इस्त्रीचा घाल, आणि सरांना सर म्हण. मग पाणी प्यायले आणि पुन्हा म्हणाले, इस्त्री मी करून देतो.

अडचण अशी आहे. कोजागिरीला ज्या माणसाकडून भांडवल घ्यायचं, त्याच्याकडे त्याआधी आठ दिवस पाइप मोजायची नोकरी मागायची? पोझिशन खराब होते. यावर शांतपणे विचार करायला हवा. उद्या पाचला उठून करीन.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

आत्याने हातावर दही-साखर ठेवली. इथे आपटा मिळत नाही. तिच्याकडे पोथीत गावचं एक वाळकं पान होतं, ते खिशात घातलं. म्हणाली, आधी सरांच्या हातात सोनं दे, मग बस. काका कामावर जाताना मला बाब-अल-बहरीनला सोडून गेले, कारण सरांचं ऑफिस तिथून पाच मिनिटांवर. व्हॅनमधून उतरताना त्यांनी माझी कॉलर नीट केली.

वेळ होता. सूकमधून, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातून, चालत जावं म्हटलं. पत्ते दिसले. कॅसिनोत सहा कॅट एकत्र असतात, आपल्याकडे एकच. भाव केला. दुकानदार रहिमतुल्ला म्हणून कराचीचा निघाला, चहा मागवला, त्याच्या आजोबांचं मोत्यांचं काय काय सांगत बसला. मध्येच उठून जाणं वाईट दिसतं. घड्याळ पाहिलं तेव्हा अकरा वाजून गेलेले.

उशिरा जाण्यापेक्षा न जाणं जास्त प्रोफेशनल, असं मी ठरवलं. सरांना मी दहा तारखेला भेटणारच आहे. ऑफिसात दोन मिनिटं दिली असती, तिथे प्रत्यक्ष डेमो बघतील.

काकांनी संध्याकाळी विचारलं. मी म्हटलं, छान झालं, कळवतील.

 काकांनी येताना जिलेबी आणली होती.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सहा कॅटची प्रॅक्टिस. कॅटमध्ये कुठे कापायचं त्या खुणेला एक वेगळं पान लागतं. आपट्याचं घातलं. आत्याला दिसलं. सोनं दिलं नाहीस काय रे, असं विचारलं. मी म्हटलं, दिलं, सरांनीच आशीर्वाद म्हणून परत दिलं.

तिला इतका आनंद झाला की तिने सरांच्या मिसेसना फोन करायचं म्हटलं. मी म्हटलं, नको, कोजागिरीला भेटतीलच.

  उरलेली जिलेबी नजीबला नेऊन दिली.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

खुणा ठरल्या. नजीब मंडळाला दूध पुरवायला येणार आहे, त्यामुळे हॉलमध्ये त्याची एंट्री सोपी. टेबल तापलं की तो टोपी उलटी करणार. आत्या सुनीता मॅडमच्या टेबलावरच बसणार. टेबल थंड असेल तर पदर खांद्यावर. तापलं तर मंगळसूत्र मुठीत धरायचं. ही खूण माझी. नैसर्गिक दिसली पाहिजे.

ओळख न दाखवण्याची रंगीत तालीम केली. मी दारातून आलो. आत्याने माझ्याकडे पाहायचं नाही. ती म्हणाली, "मेल्या, चप्पल काढ."

दुसऱ्यांदा केली. या वेळी तिने मान वळवली, पण चहा टाकू काय, हे भिंतीकडे बघून विचारलं. नजीब म्हणाला, भाई, ये नहीं होगा. मी म्हटलं, ऐन वेळी होतं.

व्हिडिओचा उरलेला भाग अजून राहिलाय. वेळच नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर. दुपार

कालचं लिहायचं नव्हतं. पण टीमच्या चुकांची नोंद राहिली पाहिजे.

मनामातला हॉल. गर्दी. काकांचा ब्लेझर, काळा गॉगल. मी दुबईचा व्यापारी, चालता चालता आत आलो, असं. दारातच मंडळाच्या खजिनदारांनी महादेवच्या मिसेसचा भाचा ना, म्हणत पाठीवर थाप मारली आणि खुर्च्या लावायला लावल्या. ब्लेझर घालून चाळीस खुर्च्या.

नजीब दूध घेऊन आला आणि बायकांनी त्याला पातेल्यापाशी उभा केला. हातात दूध ढवळायचा डाव. टोपी वाफेने ओली झाली म्हणून त्याने काढूनच ठेवली. म्हणजे एक स्पॉटर गेला.

आत्या मात्र बसली होती. मी लांबून फेऱ्या मारत होतो. तिसऱ्या फेरीला आत्या अख्ख्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाली, संदेश, बटाटेवडा खाल्लास काय, संपेल. मी ओळख दाखवली नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, अहो तुमच्याशी बोलताहेत. मी वडा घेतला.

मग काका तिच्यामागे आले, वाकून कानात काहीतरी बोलले. आत्या वळली, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मंगळसूत्र घट्ट मुठीत धरलं.

हीच ती वेळ. मी डुलत गेलो, खुर्ची ओढली, आणि खिशातल्या सगळ्या टॉफ्या टेबलावर ओतल्या. आत्या मान हलवत होती. मला वाटलं, अभिनय. मंगळसूत्र तर सोडत नव्हती, उलट दुसरा हातही नेला. इतकं तापलेलं टेबल आजवर कोणाला मिळालं नसेल. मला दहा आणि सहा आले. सुनीता मॅडमनी विचारलं, अजून एक? मी म्हटलं, द्या.

राजा. सव्वीस.

सगळे हसले. मॅडमनी टॉफ्या गोळा केल्या, सगळे पत्ते एकत्र करून पुन्हा पिसायला घेतले. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की त्या प्रत्येक डावानंतर पूर्ण कॅट पिसताहेत. मी म्हटलं, असं दर वेळी नाही पिसायचं. त्या म्हणाल्या, न पिसता पुढचा डाव कसा वाटायचा, आमच्याकडे चालत नाही. म्हणजे मोजण्यासारखं तिथे पहिल्यापासून काही नव्हतंच. आत्या गेला तासभर नुसतीच आलं-गेलं करत होती.

मग मागून आवाज आला. राजन सर. बाजूला काका.

"तूच संदेश? दसऱ्याला मी वाट पाहिली तुझी. साडेअकरापर्यंत."

आत्याला काकांनी तेच सांगितलं होतं. दसऱ्याच्या दुपारीच टूरवर गेलेले सर त्याच दिवशी परतले होते आणि दुधाच्या रांगेत त्यांनी काकांना विचारलं होतं की भाचा का आला नाही. ती मूठ टेबलासाठी नव्हती.

अशा वेळी खचतो तो लीडर नाही. मी सरांना तिथेच प्रपोजल सांगितलं. प्रोफेसर, सत्तरचं दशक, तिबिलिसी, रिटर्न. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. फार सभ्य माणूस. मग म्हणाले, "छान. महादेव माझ्याकडे किती वर्षं आहेत, माहितीये तुला?"



काकांनी पाहिलं ते माझ्याकडे नाही, माझ्या अंगातल्या ब्लेझरकडे. म्हणाले, सर, दूध थंड होतंय.

मिक्सर खजिनदारांच्या सुनेला मिळाला.

रविवार, १२ ऑक्टोबर

चूक कोणाची, याचा शांतपणे विचार केला. नजीब: जागा सोडली. आत्या: खूण खासगी कारणासाठी वापरली. सुनीता मॅडम: नियमाबाहेर पिसणे. माझ्याकडून फक्त एक गुरुवार.

काका बोलत नाहीत असं नाही. पंखा बंद कर म्हणतात. पण दुसरं काही नाही. गुरुवारची गोष्ट त्यांनी काढलीच नाही. काढली असती तर मी सगळं समजावलं असतं, उत्तर तयार होतं.

आत्याने पत्ते एकत्र करून कपाटावर ठेवले. आपट्याचं पान तेवढं वेगळं काढलं आणि पोथीत परत घातलं.  ओरडली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

ती जागा भरली. साताऱ्याकडचा कोणीतरी ऋत्विक. वेळेवर गेला असेल.

मी आत्याला म्हटलं, काका पुन्हा एकदा सरांशी बोलले तर. आत्या कणीक मळत होती. म्हणाली, दर गुरुवारी हिशेबाचे कागद द्यायला गेले की सर त्यांना वर चहाला थांबवून घ्यायचे. आता ह्यांनी निरोप पाठवलाय की कागद खालीच वॉचमनकडे ठेवतो, गाडीच्या टायरचं काम आहे. सरांनी काही म्हटलेलं नाही, हेच वर जात नाहीत.

मग म्हणाली, "टायरला काही झालेलं नाही, बाळा."

माझं तिकीट काकांनी शुक्रवारचं काढलंय. व्हिसाच्या एक दिवस आधी. मी तिला म्हटलं, हा टेंपररी सेटबॅक. ती लाटायला लागली.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

नजीबला भेटलो. टीम तूर्त स्थगित केल्याचं अधिकृत सांगितलं. तो म्हणाला, कौनसी टीम. मग हसला आणि टॉफ्यांची पिशवी दिली, पैसे घेतले नाहीत.

आज गुरुवार. काका चारलाच घरी आले. आत्याने चहा केला. त्यांनी घेतला नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. विमानतळ. दुपार

विमानाला वेळ आहे. वायफाय आहे. व्हिडिओचा उरलेला भाग शेवटी बघितला.

पुढे असं झालं. कॅसिनोवाल्यांनी कॅट वाढवले, मग कायम पिसत राहणारी मशिनं आणली. सुनीता मॅडमसारखी. ओळखलेल्या लोकांचे फोटो दारावर दिले. तरी काही टीम टिकल्या. पैसे सगळ्यांचे एकत्र, आणि कोण किती जिंकलं ते ज्याचं त्यानेच सांगायचं, म्हणून काही टीम आपल्याच माणसांना खोटं पकडायच्या मशिनवर बसवायच्या. बाहेर कोणालाही फसवा, आपसांत नाही.

हे त्यांनी सुरुवातीला सांगायला हवं होतं.

आता सकाळचं.

आत्या खालपर्यंत आली. पोळी-भाजीचा डबा, डोळे लाल, कांद्यामुळे म्हणाली. काकांनी व्हॅनमधून सोडलं. वाटेत मी दोन वेळा सुरुवात केली. एकदा सिग्नल लागला, एकदा त्यांना फोन आला. सॉरी हा शब्द मराठीत कसा म्हणतात तेही नीट आठवेना. बॅग त्यांनीच उतरवली. मी वाकायला गेलो तर म्हणाले, पट्टा अडकेल, सांभाळ.

तेवढ्यात मंडळाचे खजिनदार भेटले, ते कोणालातरी घ्यायला आले होते. मी ट्रॉली आणायला वळलो होतो, पाठमोरा, कोजागिरीच्या गॉगलात. त्यांनी मला ओळखलं नाही. काकांना विचारलं, काय महादेवराव, आज इकडे, कोणाला सोडायला?

काका म्हणाले, "मिसेसच्या गावाकडचा आहे कोणी. गाडी इकडे यायचीच होती."

आवाज सरळ. चेहरा सरळ. मान माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. मग दोघं पार्किंगचे दर कसे वाढलेत ते बोलत गाडीकडे गेले.

मी महिनाभर टीमसाठी शोधत होतो, तो माणूस घरातच होता.